खिदमत कुणासाठी?

आमच्या कोकणातल्या मुस्लिम वस्त्यांत बंद घरे मोजायची सवयच लागून जाते. रत्नागिरी-रायगडच्या खाडीकाठची माणसे आधी बोटीवर गेली, मग मुंबईला, आणि १९७० नंतर आखातात. तिकडच्या पैशांनी दुमजली घरे उभी राहिली. त्यातल्या कित्येक घरांत आज मगरिबनंतर एकच दिवा लागतो.

आमच्या शेजारच्या खाला अशाच. वय ७६. दोन मुले कुवेतला, मुलगी मुंब्य्राला. महिन्याच्या महिन्याला पैसे येतात, इशानंतर रोज फोन येतो. वर्गात आईबापाच्या खिदमतीचा धडा शिकवताना आम्ही याच मुलांचे उदाहरण देत असू.

दोन वर्षांपूर्वी पावसाळ्यात परसातल्या शेवाळावर खालांचा पाय घसरला आणि मनगट मोडले. मुले रजा काढून धावत आली. त्यांनी दिवसरात्रीची बाई ठेवली, खाली खाट टाकली, कोंबड्या विकल्या, विहिरीला कुलूप घातले. असरनंतर अरबी कायदा शिकायला येणारी पोरे बंद झाली. ती बंद करण्यात आमचाही हात होता. "खालांना आराम पडू द्या," असे पालकांना आम्हीच सांगितले होते.

मनगट जुळले, पण सहा महिन्यांनी खालांना आधाराशिवाय खाटेवरून उठता येईना. डॉक्टरांना नवा आजार सापडला नाही. म्हातारे पाय वापरले नाहीत तर काही आठवड्यांतच त्यांतली ताकद जाते. निरोगी वार्धक्य म्हणजे नुसते आजार नसणे नव्हे, माणसाला जे मोलाचे वाटते ते करता येणे, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ च्या अहवालात मांडले आहे. खालांनी अहवाल वाचलेला नाही. त्या एवढेच म्हणाल्या, "मास्तर, कोंबड्या तरी ठेवायच्या होत्यात."

तेव्हापासून एक प्रश्न आम्हांला सोडत नाही. आपण खिदमत करतो ती नेमकी कुणाची? मध्यरात्री गावाहून फोन येईल या धास्तीने परदेशातला मुलगा झोपत नाही. बाई ठेवली की त्याला झोप लागते. ही धास्तीही मायेचीच, तिला नावे ठेवण्याचा हक आम्हांला नाही. पण मुलाची झोप आणि आईची तब्येत या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सूरह बनी इस्राईलमध्ये म्हाताऱ्या आईबापासमोर वैतागाचा उद्गारही काढायला मनाई आहे. आपण ती जिभेपुरती धरतो. न विचारता त्यांच्या हातातले काम काढून घेणे कशात मोडते? २००७ च्या कायद्याने मुलांकडून महिना १० हजारांपर्यंत पोटगी मिळवून देण्याची सोय केली. आईला विचारायला लावणारा कायदा कुठून आणायचा?

शेवटी आम्ही खालांनाच विचारले. मोरीत धरायला दांडा बसवला, परसातली फरशी खरबरीत करून घेतली. रोज खुर्चीवरून दहा वेळा उठायचे-बसायचे ठरले. आधी दोन पोरे कायदा घेऊन आली, आता पाच येतात. तीन कोंबड्याही आल्या.

थोरल्याचा फोन आला तो रागाचा. "मास्तर, अम्मी पुन्हा पडली तर जबाबदार कोण?"

आम्ही काही बोललो नाही. बोलण्यासारखे अजूनही सापडलेले नाही. बाईला मागे ठेवून, भिंतीला हात लावत, खाला संध्याकाळी स्वतः खुराडे लावतात, आणि आम्ही खिडकीतून श्वास रोखून बघत असतो.