काचेच्या कक्षातील एकांत

भिंती आणि स्वतंत्र खोल्या काढून टाकून शेकडो माणसांना एकाच प्रशस्त मजल्यावर ओळीने बसवणारी मोकळ्या आराखड्याची कार्यालये आता पुण्याच्या हिंजवडीत किंवा मुंबईच्या वांद्रे-कुर्ला संकुलात कोणाला नवी राहिलेली नाहीत. परंतु त्यांच्या पोटात अलीकडे जी एक वस्तू उभी राहू लागली आहे, तिच्याकडे तत्त्वचिंतकाने लक्ष द्यावे अशी ती आहे. जुन्या एसटीडी बूथची आठवण करून देणारा, एका किंवा दोन माणसांपुरता, काचेचे दार, अस्तर लावलेल्या भिंती आणि स्वतःचा दिवा-पंखा असलेला हा कक्ष ‘पॉड’ म्हणून ओळखला जातो. त्याला ध्वनिरोधक म्हणण्याची रीत असली तरी तो आवाज पूर्णपणे अडवत नाही, तर क्षीण करतो. अशा कक्षांसाठी 2020 मध्ये आलेल्या आयएसओ 23351-1 या आंतरराष्ट्रीय मानकात, आतले बोलणे बाहेर किती डेसिबलने कमी ऐकू येते याचेच मोजमाप आहे, आणि त्यातील सर्वोच्च श्रेणीसाठी ही घट 33 डेसिबलहून अधिक असावी लागते. साधे संभाषण एका मीटरवर सुमारे 60 डेसिबलचे असते हे लक्षात घेतले, तर चांगल्या पॉडमधूनही पुटपुट बाहेर येते, मात्र शब्द ओळखू येत नाहीत, असा त्याचा अर्थ होतो.

ज्या मोकळ्या आराखड्याने ही गरज निर्माण केली, त्याचा उगम माणसांना एकमेकांपासून तोडण्यात नव्हे तर जोडण्यात होता. 1950 च्या दशकाच्या अखेरीस हॅम्बुर्गजवळच्या क्विकबोर्न येथील जर्मन सल्लागारांनी कार्यालयाचे ‘भूदृश्य’ कल्पिले, तेव्हा दारे आणि हुद्दे यांच्यामुळे अडणारा संवाद मोकळा व्हावा हा त्यांचा हेतू होता. प्रत्यक्षात काय घडते याचे मोजमाप इथन बर्नस्टीन आणि स्टीफन टर्बन या संशोधकांनी 2018 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात सापडते: दोन मोठ्या कंपन्यांची मुख्यालये मोकळ्या आराखड्यात गेल्यावर माणसांचे समोरासमोर बोलणे सुमारे 70 टक्क्यांनी घटले आणि ईमेल व संदेश यांचा वापर वाढला. भिंत गेली की माणूस स्वतःच भिंत होतो, कानात इअरफोन घालतो, नजर पडद्यावरून हलवत नाही. पॉड हा याच हरवलेल्या भिंतीचा, तुकड्यातुकड्याने विकत घेतलेला अवशेष आहे.

येथे जो प्रश्न उभा राहतो तो वास्तुरचनेचा नाही. भिंतीने मिळणाऱ्या शांततेला एकांत म्हणावे काय, आणि अशा शांततेची मागणी करणे हे मनाच्या दुबळेपणाचे लक्षण मानावे काय, हा तो प्रश्न आहे. खरी शांतता आत असते, बाहेरच्या गोंगाटावर खापर फोडणारा साधक अजून कच्चा आहे, हे मत भारतीय आणि युरोपीय अशा दोन्ही परंपरांत इतक्या वेळा मांडले गेले आहे की ते जवळजवळ सर्वमान्य वाटते. पहिल्या शतकातील रोमन तत्त्वज्ञ सेनेका हा स्टोइक पंथाचा, म्हणजे बाह्य परिस्थितीने विचलित न होण्याची शिकवण देणाऱ्या पंथाचा, विचारवंत. आपला मित्र लुसिलियस याला लिहिलेल्या पत्रांपैकी छप्पन्नाव्या पत्रात तो आपण सार्वजनिक स्नानगृहाच्या वर राहत असल्याचे सांगतो, आणि वजने उचलणाऱ्यांचे कण्हणे, मालिश करणाऱ्याच्या हाताचे फटके, खाद्यपदार्थ विकणाऱ्यांच्या आरोळ्या या सर्वांची चविष्ट यादी देऊन म्हणतो की मन स्वस्थ असेल तर यातील कशानेही अभ्यासात विघ्न येत नाही. हे पत्र स्टोइक धैर्याचा नमुना म्हणून सांगितले जाते. पण त्याचा शेवट क्वचितच सांगितला जातो. शेवटी सेनेका कबूल करतो की गोंगाटापासून दूर राहणे हेच अधिक सोपे आहे, आपल्याला केवळ स्वतःची परीक्षा पाहायची होती, आणि आता आपण येथून मुक्काम हलवणार आहोत.

त्याच पत्रात सेनेकाने आणखी एक सूक्ष्म निरीक्षण नोंदवले आहे, ते असे की नुसत्या खडखडाटापेक्षा माणसाचे बोलणे अधिक लक्ष वेधते, कारण खडखडाट कानावर आदळतो, तर बोलणे मनाला ओढून नेते. 1970 च्या दशकापासून मानसशास्त्रज्ञांनी स्मरणाच्या प्रयोगांत जे पुन्हा पुन्हा पाहिले, ते याच दिशेचे आहे: एकसुरी अखंड आवाजापेक्षा क्षणोक्षणी बदलणारे बोलणे, मोठे नसले तरी, कामात अधिक अडथळा आणते, आणि वाचन-लेखनासारख्या कामात त्या बोलण्याचा अर्थ कळत असला तर हा अडथळा वाढतो. शेजारच्या मेजावरचे संभाषण पंख्याच्या घरघरीपेक्षा अधिक छळते, ते यामुळेच.

बौद्ध परंपरा या बाबतीत स्टोइकांहून अधिक स्पष्टवक्ती आहे. अंगुत्तर निकायातील दहा-दहाच्या गटांच्या भागात एक प्रसंग येतो: बुद्ध वैशालीजवळच्या महावनात असताना लिच्छवी लोक रथांच्या गलबल्यासह त्यांच्या दर्शनाला येतात, तेव्हा काही ज्येष्ठ भिक्षू ध्यानात विघ्न नको म्हणून शालवनात निघून जातात. बुद्ध त्यांना दुबळे ठरवत नाहीत. उलट त्यांनी योग्यच केले असे सांगून, ध्यानाच्या पहिल्या पायरीला आवाज हा काटा आहे, असे ते स्पष्ट करतात. याच परंपरेने विवेक, म्हणजे अलिप्त होणे, तीन प्रकारचे मानले आहे. शरीराने गर्दीपासून दूर होणे हा कायविवेक, चित्ताने विकारांपासून दूर होणे हा चित्तविवेक आणि पुनर्जन्माला कारण होणाऱ्या सर्व आधारांपासून सुटणे हा उपधिविवेक. पहिला प्रकार अपुरा आहे, तृष्णेला सोबत घेऊन अरण्यात राहणारा एकटा नसतोच, असेही ही परंपरा बजावते. पण अपुरा म्हणून तिने त्याला निरर्थक ठरवलेले नाही. महाराष्ट्रातील लेण्यांचा आराखडाच याची साक्ष देतो. नाशिकच्या पांडवलेण्यांत किंवा कान्हेरीत जे विहार आहेत, त्यांत अनेकदा मध्ये सामाईक मंडप आणि त्याच्या भिंतींना लागून दगडी ओटा असलेल्या, एका माणसापुरत्या खोल्या अशी रचना दिसते. आणि भाजे-कार्ल्याची लेणी तर बोरघाटाच्या व्यापारी वाटेपासून फार दूर नाहीत. समूह, व्यापाऱ्यांचे दान आणि बंद दाराची खोली या तीन गोष्टी त्या रचनाकारांना परस्परविरोधी वाटल्या नाहीत.

मराठीत या प्रश्नाचा सर्वांत बारकाईने विचार ज्ञानेश्वरांनी केला आहे. गीतेच्या सहाव्या अध्यायात योग्याने एकांतात राहावे आणि शुद्ध जागी आसन घालावे, असे थोडक्यात म्हटले आहे. शके 1212 मध्ये, म्हणजे इ.स. 1290 मध्ये सिद्ध झालेल्या ज्ञानेश्वरीत मात्र त्या सूचनेचा विस्तार होऊन ते स्थान कसे असावे याचे दीर्घ वर्णन येते. ते इतके रम्य असावे की एखाद्या पाखंड्यालाही तेथे तप करावेसे वाटावे, आणि लोकांच्या पायरवाने ते मळलेले नसावे. लक्षणीय गोष्ट अशी की ते स्थान पूर्णपणे निःशब्द असावे असा आग्रह ज्ञानेश्वर धरत नाहीत, बहुतांशी निःशब्द असले तर पुरे म्हणतात. श्वापदांची दाटी नको, पोपट आणि भुंगे नकोत, पण पाण्याजवळ हंस, दोन-चार सारस, कधी एखादी कोकिळा चालेल, आणि मोरही अधूनमधून येऊन गेले तर त्यालाही त्यांची ना नाही. सतत किलबिलणारा पोपट वर्ज्य आणि क्वचित येणारा मोर मान्य, यात केवळ काव्य नाही, अवधानाचे शास्त्र आहे. जो आवाज येतो आणि जातो तो चित्ताला हाक मारत नाही. जो अखंड बडबडतो, विशेषतः ज्यात शब्दांचा भास होतो, तो मात्र मनाला आपल्याकडे ओढतो. पॉडला हा भेद करता येत नाही. तो पाऊस, पक्षी आणि शेजाऱ्याचे हप्त्याविषयीचे बोलणे एकाच न्यायाने बाहेर ठेवतो, आणि त्या बदल्यात स्वतःच्या पंख्याची घरघर देतो.

याहून मोठा फरक असा की पॉडमध्ये जाणारा माणूस पुष्कळदा गप्प बसायला जातच नाही, तो बोलायला जातो. साधकाच्या एकांतात शांतता हवी असणारा उठून दूर जातो. कार्यालयात मात्र आवाज करणाऱ्याला पेटीत ठेवून शांततेला मजल्यावर राहू दिले जाते. याचे धार्मिक प्रतिरूप गुहेत सापडत नाही, चर्चमध्ये सापडते. मिलानचे आर्चबिशप कार्लो बोरोमेओ यांच्या, 1577 मध्ये प्रसिद्ध झालेल्या चर्चबांधणीविषयीच्या सूचनाग्रंथात पापनिवेदनाच्या लाकडी पेटीचा आराखडा दिला आहे. गोव्याच्या चर्चमध्येही ती परंपरा गेली आणि तेथे या विधीला ‘कुमसार’ म्हणतात. ही पेटी बंद तळघरात नसून चर्चच्या मोकळ्या सभागृहात, सर्वांच्या नजरेसमोर ठेवायची होती, आणि धर्मगुरू व निवेदन करणारा यांच्यामध्ये जाळी असायची. दोघांचा व्यवहार सर्वांना दिसावा, पण ऐकू कोणालाही येऊ नये, हा त्यामागचा विचार होता, आणि काचेच्या पॉडचे तत्त्वही नेमके हेच आहे. मात्र पापनिवेदनातील गुप्तता लाकडाच्या जाडीवर अवलंबून नव्हती. ती ऐकणाऱ्याच्या व्रतावर, म्हणजे ऐकलेले कधीही न उघड करण्याच्या बंधनावर उभी होती. पॉडमध्ये डॉक्टरशी, वकिलाशी किंवा आजारी आईशी बोलणाऱ्या कर्मचाऱ्याला शेजाऱ्यापासून संरक्षण मिळते. परंतु ज्या संगणकावरून आणि ज्या जाळ्यावरून तो बोलतो ते कंपनीचे असतील, तर त्या मालकावर तसे कोणतेही व्रत आपोआप येत नाही. काच जाड करून हा प्रश्न सुटत नाही.

पॉडची शांतता कामासाठी आहे, हाही एक आक्षेप घेतला जातो, आणि तो खरा आहे. पतंजलीच्या अष्टांग योगात प्रत्याहार हे पाचवे अंग आहे, म्हणजे इंद्रियांनी आपापल्या विषयांपासून मागे फिरून चित्ताचे अनुकरण करणे. पॉडमध्ये इंद्रिये मागे फिरत नाहीत, एका पडद्यावरून दुसऱ्या पडद्यावर जातात, आणि नोंदणीची वेळ संपली की पुढचा माणूस काचेवर टकटक करतो. एकांत जर माणसाला स्वतःसमोर उभे करणारी अवस्था असेल, तर पॉडने ती मिळत नाही. परंतु ज्याने ते आश्वासनच दिलेले नाही, त्याच्यावर आश्वासनभंगाचा दोष ठेवता येत नाही. कायविवेकाचा एक छोटा, उसना तुकडा एवढेच त्याचे स्वरूप आहे, आणि तेवढ्यापुरता तो उपयुक्त आहे.

अधिक गंभीर दोष दुसरीकडे आहे: शांतता स्वतः निवडण्याची मुभा सर्वांना सारखी नसते. महात्मा गांधी सोमवारी मौन पाळत आणि आवश्यक ते कागदाच्या चिठ्ठ्यांवर लिहून देत. ते मौन त्यांनी स्वतःच्या जिभेवर घातलेले बंधन होते, इतरांचा गोंगाट सहन करण्याची सक्ती नव्हती. सेनेकाही मुक्काम हलवू शकला, कारण तो श्रीमंत होता. कार्यालयात मात्र केबिन ही शतकभर हुद्द्याची खूण राहिली, आणि भिंती पाडल्या गेल्या तेव्हाही त्या सर्वांच्या सारख्या पाडल्या गेल्या नाहीत. दिवसभर परक्यांच्या तक्रारी ऐकणाऱ्या मुलीला, हिशेब जुळवणाऱ्या कारकुनाला किंवा मजला पुसणाऱ्या मावशींना उठून शालवनात जाण्याची मुभा नसते, आणि नेमके त्यांनाच मन एकाग्र करण्याच्या कार्यशाळा दिल्या जातात. अंतर्मौनाचा उपदेश हा ज्याने स्वतःसाठी निवडला त्याच्या तोंडी धर्म असतो. ज्याच्या हाती इतरांच्या जागेचा आराखडा आहे त्याच्या तोंडी तो जबाबदारी झटकण्याचा मार्ग होतो. म्हणून पॉडची नोंदणी कोणाला करता येते, किती वेळ करता येते, आणि खाजगी बोलण्यासाठी तो वापरणे कर्मचाऱ्याच्या नावावर लिहून ठेवले जाते काय, हे प्रश्न त्याच्या डेसिबलांपेक्षा महत्त्वाचे आहेत. असे आराखडे मंजूर करणाऱ्यांनी सेनेकाप्रमाणे आधी काही महिने स्वतः त्या मजल्याच्या मधोमध बसून काम करावे, आणि मगच इतरांना मनोनिग्रह सुचवावा.