चाळिसातले सात

अब्बांच्या माघारी आमच्या घरात पहिला वाद झाला तो घरावरून नव्हे, जमिनीवरूनही नव्हे (जमीन नव्हतीच), तर अंगणात ताडपत्रीखाली उभ्या असलेल्या एका गाडीवरून. १९६४ सालची स्टँडर्ड हेराल्ड, दोन दारांची, मद्रासची बनावट. अब्बांनी ती १९९१ साली एका निवृत्त डॉक्टरांकडून बंद अवस्थेत विकत घेतली आणि पुढे २०१९ पर्यंत, म्हणजे त्यांच्या इंतकालापर्यंत, चालू ठेवली. चिकलठाण्याच्या एमआयडीसीत ते टर्नर होते. रविवारी सकाळी त्यांचे फक्त पाय दिसायचे, बाकीचे अब्बा गाडीखाली.

आम्ही वारस चौघे. अम्मी, दोन भाऊ आणि मी. शरियतप्रमाणे अम्मीचा आठवा हिस्सा. उरलेल्याचे पाच भाग, त्यांतले दोन-दोन भावांचे आणि एक माझा. छेद सारखा करून घेतला की गाडीचे चाळीस भाग होतात. पाच अम्मीचे, चौदा-चौदा भावांचे, सात माझे. उर्दू शाळेत सातवीला अपूर्णांक शिकवत असल्याने हा हिशेब मी अर्ध्या मिनिटात केला. तो मोठ्याने बोलून दाखवायला मात्र दोन वर्षे लागली. बहिणीचा हिस्सा द्यावा असे आपल्या समाजात सगळेच सांगतात, आणि बहिणीने तो मागितला की सगळ्यांच्याच भुवया वर जातात. त्यातून गाडी म्हणजे मुलांची वस्तू. मला तर ती चालवताही येत नाही!

थोरले भाईजान जेद्दाहला असतात. त्यांचे म्हणणे असे की, गाडी कारखान्यातून निघाली तशीच पुन्हा करायची. मूळ रंग, मूळ पुर्जे. इथे मिळत नसतील तर इंग्लंडहून मागवू. धाकट्याचे स्वप्न वेगळे होते आणि ते समजण्यासाठी या गाडीविषयी थोडे सांगायला हवे. इंग्लंडमधल्या कॉव्हेंट्रीच्या ट्रायम्फ कंपनीने १९५९ साली हेराल्ड काढली. तिचा आकार जोव्हानी मिकेलॉटी या इटालियन रेखाटनकाराचा. १९६१ पासून ती मद्रासला बनू लागली, ९४८ सीसीचे छोटे इंजिन घालून. त्या काळच्या बऱ्याच नव्या मोटारींत पत्र्याचे अंग हीच चौकट असे. हेराल्डची चासी मात्र वेगळी, आणि अंगाचे मोठमोठे तुकडे तिच्यावर नटबोल्टने बसवलेले. अख्खे बॉनेट पुढे कलंडते. बोल्ट काढले की छतसुद्धा उचलून बाजूला ठेवता येते. हीच चासी आखूड करून ट्रायम्फने १९६२ साली स्पिटफायर नावाची दोन सीटची स्पोर्ट्स कार बाजारात आणली. पुढच्या-मागच्या चाकांमधले अंतर साडेआठ इंचांनी कमी, आकार पुन्हा मिकेलॉटींचाच.

धाकटा म्हणायचा, कंपनीने जे केले तेच मी आपल्या अंगणात करतो, त्यात गुन्हा कसला? चासी गॅस कटरने कापायची, आखूड करून वेल्डिंग मारायचे, मारुती एस्टीमचे १.३ लिटरचे इंजिन बसवायचे आणि फायबरचे अंग चढवायचे. त्याने वहीत काढलेली चित्रे खरोखरच सुंदर होती. मुलगा आळशी नाही, हेही सांगितले पाहिजे. लेथवर हात बसलेला आहे, अब्बांसारखाच.

कायदा धाकट्याच्या विरुद्ध आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे, बनवणाऱ्याने ठरवलेल्या मूळ तपशिलाहून गाडी वेगळी करता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये सांगितले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने अशा प्रत्येक बदलाला ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी तरतूद झाली. उलट २०२१ च्या नियमांनी पन्नास वर्षांवरच्या गाड्यांना 'व्हिंटेज' म्हणून वेगळी नोंदणी दिली. अट एवढीच की चासी, अंग आणि इंजिन यांत मोठा बदल झालेला नसावा. भाईजानने हे सगळे फोनवर वाचून दाखवले आणि विषय संपला असे समजले.

कायद्याखेरीज मला दुसरी भीती होती. हेराल्डची मागची चाके अशा रीतीने बसवलेली आहेत की, जोराच्या वळणावर एकदम पाय काढला तर ती आत मुडपू शकतात. चारही ब्रेक ड्रमचे. जालना रोडवर दुप्पट ताकदीचे इंजिन घेऊन निघालेल्या अशा गाडीपुढे कोणाचे तरी मूल येणार. दुसऱ्याला इजा पोचवू नये, हा आपल्या फिकहचा पायाभूत नियम आहे. गॅरेजही त्याला अपवाद नाही.

तरीही भाईजान बरोबर आहेत, असे माझ्या तोंडून निघेना. अब्बांनी ही गाडी घेतली तेव्हा पुर्जे मिळत नव्हते. वॉटर पंपाची चकती त्यांनी कारखान्यात जेवणाच्या सुट्टीत लेथवर वळवली. कार्ब्युरेटर फियाटचा बसवला, त्यासाठी मधली पट्टी स्वतः घडवली. गिअरच्या दांड्यावरचा पितळी गोळा त्यांच्याच हातचा. त्यावर बोटांच्या घड्या पडाव्यात तशी झीज आहे. गाडी कारखान्यातून निघाली तशी करायची म्हणजे हे सगळे काढून भंगारात टाकायचे. धाकटा हेराल्ड पुसणार होता आणि थोरला अब्बांना पुसणार होता. दोघांपैकी कोणालाच ते दिसत नव्हते, कारण एक नव्याच्या प्रेमात होता आणि दुसरा अस्सलच्या.

अस्सल कोणते? नाव बदलले, भाग बदलले, तरी वस्तू तीच राहते काय? आमच्या शहराचेच पाहा. मलिक अंबरची खडकी, मग फतेहनगर, मग औरंगाबाद, २०२३ पासून छत्रपती संभाजीनगर. आणि माझ्या स्कूटीच्या पाटीवर मात्र एमएच-२०. हा प्रश्न सध्या चहाच्या टपरीवर विचारण्यासारखा नाही. असो.

जुन्या वस्तूला चांगल्या हेतूने लावलेला हातही कसा अंगाशी येतो, त्याचे उदाहरण आमच्याच जिल्ह्यात आहे. अजिंठ्याची चित्रे निखळू लागली तेव्हा निजाम सरकारने १९२० ते १९२२ या काळात लोरेन्झो चेक्कोनी आणि ओर्सिनी या दोन इटालियन तज्ज्ञांना बोलावले. पुरातत्त्व खात्याचे प्रमुख गुलाम यझदानी यांच्यासारखा जाणकार माणूस त्या कामामागे होता. सुटलेला गिलावा त्यांनी पक्का केला, आणि तो पक्का केला म्हणूनच पुष्कळ चित्रे आज उभी आहेत. पण वरून लाखेच्या रोगणाचा जो थर दिला तो पुढे पिवळा पडला, त्यावर धूळ बसली, आणि तो उतरवण्यात नंतरच्या रसायनतज्ज्ञांची वर्षे गेली. माझे विद्यार्थी सहलीला गेले की विचारतात, टीचर, चित्रे इतकी काळसर का? मी त्यांना गिलाव्याचेही सांगते आणि रोगणाचेही.

दुसरे उदाहरण फार मोठे आहे. पत्र्याच्या गाडीशी त्याची तुलना करण्याचा माझा हेतू नाही. फक्त प्रश्न तोच आहे म्हणून सांगते. हजरत पैगंबर (स.) यांच्या नबुवतीच्या आधी कुरैशांनी काबागृह नव्याने बांधले. हलाल कमाई अपुरी पडली म्हणून हतीमचा भाग बाहेर राहिला आणि दरवाजा उंचावर गेला. लोक नुकतेच इस्लाममध्ये आलेले नसते तर हजरत इब्राहिम (अ.) यांच्या पायावर ते पुन्हा बांधले असते, असे पैगंबरांनी (स.) हजरत आयेशा (रजि.) यांना सांगितल्याची हदीस आहे. हिजरी ६४ च्या वेढ्यात इमारतीचे नुकसान झाले, तेव्हा हजरत अब्दुल्लाह बिन जुबैर (रजि.) यांनी हतीम आत घेऊन, जमिनीलगत दोन दरवाजे ठेवून ते बांधले. ते शहीद झाल्यावर हज्जाज बिन युसुफने ते बांधकाम काढून कुरैशांच्या आकारावर नेले. म्हणजे दोघांनीही 'मूळ रूप'च परत आणले! पुढे एका अब्बासी खलिफाने पुन्हा इब्ने जुबैर यांचा आकार आणण्याचा विचार केला. इमाम मालिक यांनी त्याला थांबवले. हे घर राजांच्या हातचे खेळणे होईल, जो येईल तो बदलत राहील, अशी त्यांची चिंता होती.

लहानपणापासून ऐकलेली ही हकिकत मला या वादात पहिल्यांदा कळली. इमामसाहेबांना कोणता आकार जास्त अस्सल हे ठाऊक नव्हते असे थोडेच आहे? हदीस त्यांच्यासमोर होती. तरी त्यांनी आकाराकडे पाहिले नाही, आकाराला लागणाऱ्या हातांकडे पाहिले. मी आमच्या अंगणातल्या हातांकडे पाहू लागले. हनफी फिकहमध्ये सामाईक मालमत्तेबद्दल एक स्पष्ट नियम आहे: प्रत्येक भागीदार दुसऱ्याच्या हिश्शाबाबत परका असतो, परवानगीवाचून त्याला तिथे ढवळाढवळ करता येत नाही. चाळिसातले चौदा भाग असलेला धाकटा माझ्या सात भागांवर कटर चालवणार होता. आणि जेद्दाहहून पुर्जे पाठवणारे भाईजानही अम्मीच्या पाच भागांतला पंप तिला न विचारता बदलणार होते.

इथे माझीही एक गोष्ट कबूल केली पाहिजे. २०२२ साली गाडी विकूनच टाकू असे ठरत होते. पुण्याहून एक गृहस्थ पाहायला येणार होते. दारांखालचा पत्रा सडून जाळी झाला होता. धाकट्याने दोन रात्री बसून त्यावर लांबी भरली, घासली, रंग मारला. मी चहा करून दिला आणि गप्प राहिले. गिऱ्हाईक आले, गाडीभोवती फिरले, खिशातून एक लहानसे लोहचुंबक काढले आणि पत्र्यावरून फिरवू लागले. बॉनेटवर चिकटले, दारावर चिकटले, खालच्या पट्टीवर आले तसे सुटून अंगणात पडले. ते काही बोलले नाहीत. चहा पिऊन गेले. मला मात्र बाजारातल्या त्या धान्याच्या ढिगाची हदीस आठवली. पैगंबरांनी (स.) वरून कोरड्या दिसणाऱ्या ढिगात हात घातला आणि बोटे ओली झाली. दर वर्षी पाचवीच्या वर्गात ही गोष्ट मी रंगवून सांगते.

त्या दिवसापासून माझे मत बदलले, की अस्सल आणि बदललेले असा भेद फारसा उपयोगाचा नाही. अब्बांनी गाडीत इतके बदल केले, पण एकही लपवला नाही. फियाटचा कार्ब्युरेटर कोणालाही बॉनेट उचलताच दिसतो. शिवाय त्यांनी मूळ कार्ब्युरेटर पोत्यात गुंडाळून माळ्यावर ठेवला होता. मागच्या दिवाळीच्या सुट्टीत मला तो सापडला. म्हणजे पुढच्या माणसाला परतीची वाट ठेवली होती. लांबीच्या खाली वाट नसते, आणि कापलेल्या चासीतही नसते.

जिन्सीकडचे एक म्हातारे मिस्त्री अब्बांचे दोस्त. त्यांना घरी बोलावून मी दोघांचे म्हणणे सांगितले. फिकह वगैरे त्यांना सांगितले नाही. त्यांनी गाडीखाली जाऊन पाहिले, बाहेर येऊन हात पुसले आणि म्हणाले, "काटने को तो कोई बी काट लेता टीचर. खोल के वापस लगाना आना." मग धाकट्याला म्हणाले, तुला उघडी गाडी हवी ना? मग छत काढ की. पाना आण.

एका दुपारी छत उतरले. उघडी हेराल्ड अंगणात खरोखरच स्पोर्ट्स कारसारखी दिसते, निदान अम्मी तसे म्हणाली. लांबी खरवडून काढली आहे. सडलेल्या जागी नवा पत्रा बसेल आणि कोणत्या जागी बसला ते वहीत लिहिले जाईल. ती वही माझ्याकडे आहे. भाईजानचे इंग्लंडचे पार्सल आले, त्यात नवा पंप आहे. तो बसवायचा की नाही, यावर अजून फोन चालू आहेत. माझ्या सात भागांत अब्बांचा पंप धरा, असे मी म्हटले तर भाईजान हसले, हो म्हणाले नाहीत.

ते ईदला येणार आहेत. तोवर चासीला कोणी हात लावायचा नाही, असे अम्मीने बजावले आहे. छत माजघराच्या भिंतीला टेकवून ठेवले आहे. त्याचे बोल्ट अम्मीने डालड्याच्या जुन्या डब्यात घातले आणि वर उर्दूत चिठ्ठी चिकटवली, कोणते पुढचे आणि कोणते मागचे.