परतवारी

सज्जनहो, वारी म्हणजे काय असे कोणी विचारले तर आपण चटकन उत्तर देतो, पंढरीस जाणे. हे उत्तर अर्धेच झाले. एकदा जाऊन येतो तो यात्रेकरू. नेमाने जातो, नेमाने येतो आणि पुन्हा निघतो तो वारकरी. माउलींची पालखी ज्येष्ठ वद्य अष्टमीस आळंदीहून निघून आषाढ शुद्ध दशमीस पंढरीत पोचते. त्या अडीच आठवड्यांचे कौतुक सारा महाराष्ट्र करतो. परंतु पौर्णिमेस गोपाळपुरी काला झाला, की तीच पालखी माघारी फिरते आणि सुमारे दहा दिवसांत आळंदीस येते. तेव्हा ती गर्दी नसते. बहुतेक मंडळी एस.टी.ने केव्हाच घरी गेलेली असतात. थोडे वारकरी लांब लांब मजला मारीत पादुका घरी पोचवितात. हिला परतवारी म्हणतात. आज तिचाच विचार करावयाचा आहे.

याला निमित्त असे झाले. बोरिवलीच्या पश्चिमेस गोराई वसाहतीत आमचे कीर्तन होते. आरती झाल्यावर एक वयस्कर जोडपे पाया पडावयास आले. दोघांच्याही गळ्यात माळ. अमेरिकेत लेकाकडे सहा महिने राहून आठ दिवसांपूर्वीच परतलेले. गृहस्थ म्हणाले, “बोवा, तीस वर्षांत पहिल्यांदा आषाढी हुकली. माळेला बट्टा तर लागला नाही ना?” बाई म्हणाल्या, “आणि घरी आलो तरी घर लागत नाही हो. तिथं होते तेव्हा विठोबा आठवायचा, इथं आले तर नातू आठवतो. जीव कुठं एके ठिकाणी नाहीच.”

पहिला प्रश्न नेमाचा. बौधायन धर्मसूत्रात समुद्रप्रवास पातकांत घातला आहे, हे आम्ही पाठशाळेत घोकले आहे. पण तोच बौधायन समुद्रयानाला उत्तरेकडील लोकांचा आचार म्हणूनही नोंदवितो, हेही तेथेच घोकले. संतांनी तर नामाला देशकालाचा सोवळेपणा ठेवलाच नाही. आळसाने वारी चुकविणे निराळे आणि प्रसंगाने राहणे निराळे. परक्या देशात एकादशी धरावी, हरिपाठ म्हणावा, पंढरीस निघालेल्या कोणाच्या हाती नामदेव पायरीला दंडवत पाठवावा, नेम राहिला. येवढे मात्र ध्यानात असावे, की तिथी सूर्योदयावर धरतात आणि सूर्योदय ज्या त्या ठिकाणचा. म्हणून अमेरिकेतली एकादशी कधीकधी आपल्या दिनदर्शिकेच्या आदल्या तारखेस पडते. तेथे तेथलीच धरावी.

दुसरा प्रश्न कठीण. शरीर घरी आले, मन आले नाही. याचे उत्तर आपल्या संप्रदायाच्या मुळातच आहे. पुंडलीक आईबापांचा छळ करणारा. बायकोसह काशीच्या वाटेला लागला. वाटेत कुक्कुट ऋषींच्या आश्रमी त्याने पाहिले, की गंगा, यमुना, सरस्वती मळकट वस्त्रांनी येतात, आश्रमाची झाडलोट करतात आणि शुद्ध होऊन जातात. सेवेने तीर्थेही पवित्र होतात, हे त्याला उमगले आणि तो घराकडे फिरला. आता पाहा, देव त्याला कोठे भेटला? काशीत नव्हे. परतल्यावर, स्वतःच्या दारात, आईबापांचे पाय चेपताना. तो हातचे काम सोडून उठला असता तर वीट फेकली गेली नसती आणि अठ्ठावीस युगे कोणी उभे राहिले नसते. पंढरी एका परतण्यातून उभी राहिली, बाबांनो!

येथे कोणी म्हणेल, “आमचा पुंडलीक तर तिकडेच राहिला, त्याचे काय?” असे म्हणू नये. ज्याने सहा महिने घास भरविला त्याला कमी लेखू नये. आणि परदेशी राहिलेल्या मुलांनीही हे वाचावे: पैसा पोचतो, पण आईच्या कानाला आवाज लागतो. रोज दोन शब्द बोलणे हेदेखील पाय चेपणेच.

एका जोडप्याचे परतणे महाराष्ट्राने कधी विसरू नये. आनंदीबाई जोशी 1883 साली कलकत्त्याहून एकट्या अमेरिकेस निघाल्या. हिंदू म्हणून जाईन आणि हिंदू म्हणूनच परत येईन, असे त्यांनी श्रीरामपूरच्या सभेत आधीच सांगितले होते. पती गोपाळराव मागाहून तिकडे गेले. 11 मार्च 1886 रोजी फिलाडेल्फियात त्या डॉक्टर झाल्या. कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयात स्त्रियांची शुश्रूषा त्यांच्याकडे यावयाची होती. त्याच वर्षी दोघे परतली. परंतु क्षयाने शरीर आधीच पोखरले होते. 26 फेब्रुवारी 1887 रोजी पुण्यात त्यांनी देह ठेवला. वयाची बावीस वर्षेही पुरी नव्हती. त्या रुग्णालयाचे काम हाती घेणे घडले नाही. मग ती खटपट वाया गेली काय? नाही. विद्या घरासाठी मिळविली, वचन दिले तसे पाळले आणि घरी येऊन डोळे मिटले. पुढे कित्येक लेकी त्या वाटेने गेल्या. आणखी एक गोष्ट पाहा. ज्या कार्पेंटरबाईंना त्या मावशी म्हणत, त्यांच्याकडे गोपाळरावांनी अस्थी पाठविल्या; न्यूयॉर्क प्रांतात पोकिप्सी येथे त्यांची समाधी आहे. म्हणजे घरी परतलेलीचाही एक अंश तिकडच्या प्रेमात राहिला. त्यात लाजण्यासारखे काय आहे?

तेव्हा जीव दोन ठिकाणी आहे म्हणून रडू नये. गोराईची खाडी पाहा. पलीकडे गोराई गाव, अलीकडे बोरिवली. मधे बोट सारखी येरझार करते. नावाडी कोणत्या तीराचा? दोन्ही तीरांचा. मात्र रात्री तो नाव खुंट्याला बांधतो. मोकळी सोडली तर भरती-ओहोटी नेईल तिकडे ती जाईल. आपला खुंटा म्हणजे नेम.

म्हणून परतलेल्यांनी येवढे करावे. प्रथम वाळलेल्या तुळशीच्या जागी नवे रोप लावावे. तिकडचे रस्ते आणि इकडचे खड्डे ही तुलना चार दिवसांत थांबवावी. तिने घर परके होते. नातवाच्या आठवणीने गळा दाटला तर शेजारच्या लेकरांना संध्याकाळी बोलावून हरिपाठ शिकवावा. माया वाहती ठेवली म्हणजे कुजत नाही. नवराबायकोने एकमेकांसमोर उदास न बसता दोघांनी मिळून टाळ घ्यावा. एकाचा सूर तुटला तर दुसऱ्याने धरावा. आणि कार्तिकीची पिशवी आजच भरून ठेवावी.

जाताना देव पुढे असतो म्हणून पाय आपोआप उचलतात. परतताना तो सोबत आहे हे ओळखावे लागते. ज्याला ते ओळखता आले त्याची वारी पुरी झाली.

पुंडलीक वरदा हरि विठ्ठल!