निजलेल्याचा विश्वास

येवल्याचे तात्या टोपे यांचे पूर्ण नाव रामचंद्र पांडुरंग. बापाच्या नावात पंढरीराया, आणि लेकाच्या नशिबी वनवास! देवगाव फाट्यास कीर्तनात आम्ही त्यांचा शेवट सांगितला होता.

१८५७ च्या डिसेंबरात कानपुरास पराभव. पुढल्या वर्षी बेतवेकाठी, काल्पीस, ग्वाल्हेरीस पराभव. सेनापती एकाएकी हरत नाही. आधी तोफा जातात, मग माणसे, मग गावोगावची दारे लागतात. ऑक्टोबरअखेर तात्यांनी नर्मदा ओलांडली, पण दक्षिण काही उठली नाही. आपला हा मुलूख तर तेव्हा निजामाचा, आणि निजाम इंग्रजांच्या बाजूचा. माघारी फिरलेले तात्या अखेर नरवरच्या मानसिंगाच्या भरवशावर रानात राहिले. मानसिंग त्याआधीच इंग्रजांस मिळालेला. गेलेले वतन परत मिळावे, एवढी त्याची आशा. ७ एप्रिल १८५९ च्या रात्री तात्या निजले असता त्याने त्यांस धरून दिले. अकराव्या दिवशी, १८ एप्रिलला, शिवपुरीस फाशी.

कीर्तन संपल्यावर एका माळकऱ्याने विचारले, "महाराज, बिभीषणानंबी घरचाच माणूस सोडला की. मग त्यो भक्त, अन् ह्यो द्रोही कसा?"

प्रश्न वरवरचा नव्हे. जिंकणाऱ्याच्या बाजूस गेला तो भक्त, असे म्हणावे तर सगळा धर्म जयाचा चाकर होईल. बिभीषण भर सभेत रावणास तोंडावर बोलला, अपमान सोसला, आणि चार सोबती घेऊन उजेडी निघून गेला. रावणाने त्याच्या भरवशावर डोळे मिटलेले नव्हते. मानसिंगाने तात्यांस "मी आता तुमचा नाही" एवढे जरी सांगितले असते, तरी तात्या उठून दुसऱ्या रानात गेले असते. भ्याला म्हणून आम्ही त्यास दोष देत नाही. भीती कोणास नाही? पण भ्यालेला माणूस "येऊ नका" म्हणतो. तो अंथरूण घालून देत नाही.

कोणी म्हणेल, कानपुरास बायकामुले मारली गेली, त्या पक्षाच्या सेनापतीचा एवढा कैवार कशास? ते पाप झाकू नये. त्यात आपला हात नव्हता, असे तात्यांनी जबानीत सांगितले. पण घटकाभर धरा की होता. तरी त्याचा न्याय न्यायासनाने करावा. शिबिराजाने मांडीवर आलेल्या कपोताची आधी चौकशी केली नाही, स्वतःचे मांस तोलून दिले.

हे काही आपल्याच देशाचे शास्त्र नव्हे. रोमचा सेनापती पाँपी ख्रिस्तपूर्व ४८ मध्ये फार्सालसला हरला आणि मिसर देशी आश्रयास गेला. तिथल्या राजाच्या बापावर त्याचे उपकार होते. नावेतून किनाऱ्याकडे नेताना त्यास ठार केले. मारणाऱ्यांत एक त्याच्याच हाताखाली पूर्वी चाकरी केलेला. बक्षिसाच्या आशेने त्याचे मुंडके सीझरपुढे ठेवले. वैरी तो, पण सीझर रडला म्हणतात.

माळकरी थोडा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "म्हंजी पाहुण्याला भाकर वाढायच्या आधीच काय ते बोलावं." आम्ही म्हटले, होय बाबा, वाढायच्या आधी.