परक्या संस्कृतीचे आतिथ्य

पुण्याच्या गणेशखिंडीत विद्यापीठाची जी मुख्य इमारत आहे, तिचा मनोरा दुरूनही नजरेत भरतो. मुंबईच्या गव्हर्नरांना पावसाळ्यात राहण्यासाठी १८६४ साली, सर बार्टल फ्रियर यांच्या कारकिर्दीत, या वास्तूचे काम सुरू झाले आणि १८७१ साली ते पुरे झाले. आराखडा जेम्स ट्रबशॉ या इंग्रज वास्तुशिल्पज्ञाचा. राबणारे हात इथल्या मजुरांचे. मनोऱ्याची घडण मात्र इटलीतील चर्चशेजारच्या घंटाघरांच्या धर्तीची. १९४९ साली पुणे विद्यापीठ स्थापन झाले, तेव्हा राज्यकर्त्यांचा हा वाडा विद्येचे घर झाला आणि २०१४ पासून या विद्यापीठाला सावित्रीबाई फुले यांचे नाव लाभले.

इटलीचा एक तुकडा अशा रीतीने दीडशे वर्षे पुण्यात उभा आहे. पण तो इटलीहून आलेला नाही. इंग्रजांच्या आवडीनिवडीतून तो आपल्यापर्यंत पोहोचला. इटलीशी महाराष्ट्राचा जो वैचारिक संबंध आला, त्याचीही कथा बरीचशी अशीच आहे. १९०७ साली प्रसिद्ध झालेले आणि पुढे इंग्रज सरकारने जप्त केलेले सावरकरांचे मॅझिनीचरित्र इंग्रजी अनुवादाच्या आधारे मराठीत उतरले होते. दान्ते आपल्याकडील बहुतेक वाचकांना भेटला तोही इंग्रजीतूनच. इटली आपल्याकडे आली ती बहुधा दुसऱ्या कोणाच्या तरी हाताने. या मधल्या हाताचा विचार करावा, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

आज तो हात इंग्रजांचा राहिलेला नाही. इटलीच्या परराष्ट्र खात्याच्या पुढाकाराने २००१ पासून दर ऑक्टोबरमध्ये जगभर इटालियन भाषेचा सप्ताह साजरा होतो. २०१६ पासून नोव्हेंबरमध्ये पाककलेचाही सप्ताह होऊ लागला आहे. २०२१ साली दान्तेच्या मृत्यूला ७०० वर्षे झाली, त्या निमित्ताने देशोदेशी व्याख्याने व प्रदर्शने झाली. वकिलाती, सांस्कृतिक केंद्रे आणि विद्यापीठे अशा उपक्रमांत हातात हात घालून चालतात. विद्यार्थी चित्रपट पाहतात, संगीत ऐकतात, पदार्थांची चव घेतात. वास्तुकला आणि अभिकल्प यांचे शिक्षण घेण्यासाठी पुण्याहून मिलानला जाणारी मुलेही आहेत. हे सर्व स्वागतार्हच आहे. तथापि, विद्यापीठ जेव्हा एखाद्या परक्या संस्कृतीला आपल्या अंगणात बोलावते, तेव्हा त्याचे कर्तव्य केवळ पुष्पगुच्छ देण्याने आणि टाळ्या वाजविण्याने संपते काय, हा प्रश्न उरतो.

कोणी म्हणेल, चार घटकांच्या करमणुकीत नैतिक प्रश्न कशाला शोधता? दुसरा कोणी म्हणेल, परक्यांची संस्कृती आपल्या दारात हवीच कशाला? या दोन्ही मतांशी आम्ही सहमत नाही. अतिथीला देव मानणाऱ्या भूमीत दार बंद करणे शोभत नाही; आणि अतिथी काय सांगतो आहे हे समजून न घेता मान डोलावणे, हेही खरे आतिथ्य नव्हे. या प्रश्नाचे गांभीर्य ध्यानी यावे म्हणून आपल्याच देशातील एका विद्यापीठाची हकिगत सांगणे उचित ठरेल.

१९२५ सालच्या नोव्हेंबरात रोम विद्यापीठातील संस्कृतचे प्राध्यापक कार्लो फोर्मिकी शांतिनिकेतनात आले. त्यांच्यासमवेत जुझेप्पे तुच्ची हे तरुण विद्वान होते. विश्वभारतीच्या ग्रंथालयासाठी मुसोलिनीने उत्तमोत्तम इटालियन ग्रंथांचा मोठा संग्रह पाठविला होता, आणि तुच्ची यांच्या वेतनाचा भार इटलीचे सरकार उचलणार होते. ग्रंथ खरोखरच चांगले होते. विद्वानही खरे होते. तुच्ची पुढे तिबेटविद्येचे जगन्मान्य अभ्यासक झाले. देणगीत खोट काढावी असे काहीच नव्हते, आणि प्रश्न अवघड होतो तो नेमका इथेच. दान वाईट असते तर ते नाकारणे सोपे झाले असते. पण हे दान देणाऱ्या राजवटीत मात्तेओत्ती या विरोधी लोकप्रतिनिधीचा १९२४ साली खून झाला होता आणि देशात हुकूमशाहीचा पाया घातला जात होता.

पुढच्या वर्षी, मे महिन्याच्या अखेरीस, रवींद्रनाथ मुसोलिनी सरकारचे पाहुणे म्हणून इटलीत गेले. त्यांना इटालियन येत नव्हते. दुभाषी म्हणून फोर्मिकी सोबत होते. मुसोलिनीच्या व्यक्तिमत्त्वाविषयी कवींनी काढलेले सौजन्याचे उद्गार तेथील वृत्तपत्रांनी राजवटीच्या स्तुतीचा रंग चढवून छापले. आपल्या नावावर काय छापले जात आहे, हे कवींना कळण्यास मार्गच नव्हता. तत्त्वचिंतक क्रोचे यांची भेटही मोठ्या खटपटीने घडली. स्वित्झर्लंडमध्ये रोमाँ रोलाँ यांच्याकडे गेल्यावर आणि इटलीतून परागंदा झालेल्यांच्या तोंडून तेथील हकिगती ऐकल्यावर कवींना सत्य उमगले. १९२६ च्या ऑगस्टमध्ये त्यांचे पत्र ‘मँचेस्टर गार्डियन’मध्ये प्रसिद्ध झाले आणि त्यात त्यांनी फॅसिझमचा स्पष्ट शब्दांत धिक्कार केला. इटलीच्या वृत्तपत्रांनी मग त्यांच्यावर टीकेचा भडिमार केला. तुच्ची यांचे शांतिनिकेतनातील अध्यापनही फार काळ टिकले नाही.

पाच वर्षांनी गांधीजींना जवळजवळ असाच अनुभव आला. गोलमेज परिषदेहून परतताना डिसेंबर १९३१ मध्ये ते रोमला थांबले. व्हॅटिकनमधील सिस्टाइन चॅपेलमध्ये क्रूसावरील ख्रिस्ताची मूर्ती पाहून त्यांचे डोळे भरून आले, हे त्यांनी स्वतः नमूद केले आहे. पण ‘जोर्नाले दितालिया’ या वृत्तपत्राने त्यांची अशी मुलाखत छापली की जी त्यांनी दिलीच नव्हती. त्यांना तिचा जाहीर इन्कार करावा लागला. २६ सप्टेंबर १९३२ रोजी येरवड्याच्या तुरुंगात गांधीजींनी उपोषण सोडले, तेव्हा रवींद्रनाथ तेथे हजर होते. आमच्या पुण्यात त्या दिवशी एकत्र आलेल्या या दोघाही थोरांना एक गोष्ट अनुभवाने ठाऊक होती : पाहुण्याच्या तोंडी यजमान आपले शब्द घालू शकतो, आणि भाषा न जाणणाऱ्या पाहुण्यास ते कळतही नाही.

यावरून आम्हांस असे वाटते की, परकी भाषा शिकणे हा विद्यार्थ्याच्या प्रगतिपुस्तकावरचा दागिना नसून ते सत्यनिष्ठेचे एक साधन आहे. जो भाषा जाणतो तो कार्यक्रमपत्रिकेत नसलेलेही वाचू शकतो. जो जाणत नाही त्याला दाखविणारा दाखवील तेवढेच दिसते.

या संदर्भात पुण्यातीलच दुसऱ्या एका विद्यापीठाकडे पाहावे. तेराव्या लिओ पोपमहोदयांनी १८९३ साली श्रीलंकेतील कँडी येथे स्थापिलेली पेपल सेमिनरी १९५५ साली नगर रस्त्यावर आली. तेथे ज्ञानदीप विद्यापीठाच्या परिसरात एक वास्तू रॉबर्ट दे नोबिली या इटालियन येशूसंघीय धर्मगुरूंचे नाव धारण करून उभी आहे. १६०६ साली मदुराईस आलेल्या दे नोबिलींनी तमिळ, तेलुगू व संस्कृत या भाषा आत्मसात केल्या, संन्याशाचा वेष घेतला आणि इथल्या पंडितांशी त्यांच्याच शब्दांत संवाद केला. त्यांच्यावर स्वकीयांकडून आक्षेप आले. अखेर १६२३ साली पोप पंधरावे ग्रेगरी यांनी त्यांच्या पद्धतीला अनुमती दिली. भाषेचे कष्ट घेतले म्हणजे काय घडते, याचे हे उज्ज्वल उदाहरण होय.

पण उदाहरण पुरते सांगायचे तर त्याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. दे नोबिलींनी ज्या संस्कृतीचा आदर केला ती मुख्यतः उच्चवर्णीयांची होती आणि त्या आदराबरोबर त्यांनी जातीची अंतरेही मान्य केली. भाषा आली, तरी कोणाशी बोलायचे हा प्रश्न राहतोच. एखाद्या देशाची संस्कृती म्हणून जे मांडले जाते, त्यात कोण नाही, हे विचारावे लागते. सावित्रीबाईंचे नाव मिरविणाऱ्या विद्यापीठाने तरी हा प्रश्न विसरता कामा नये. ज्यांना शाळेच्या उंबरठ्याबाहेर ठेवले होते, त्यांना आत आणण्यात त्यांचे आयुष्य गेले.

हा प्रश्न केवळ जुन्या काळाचा नाही. जून २०२४ मध्ये रोमच्या दक्षिणेस, लातीना परिसरातील शेतावर राबणाऱ्या एका भारतीय मजुराचा हात यंत्रात सापडून तुटला. त्याला रुग्णालयात नेण्याऐवजी घराजवळ टाकून देण्यात आले आणि दोन दिवसांत तो मरण पावला. इटलीतील कामगार त्याच्यासाठी रस्त्यावर उतरले, हेही सांगितले पाहिजे. ज्या भाजीपाल्याने आणि फळांनी इटालियन पाककलेचे ताट सजते, त्यामागे असे हात असतात. पाककलेच्या सप्ताहात या हातांचा उल्लेख व्हावा की नाही? उल्लेख केल्यास यजमानाचा अवमान होईल, असे काहींना वाटेल. आम्हांस तसे वाटत नाही.

याचे कारण असे की, इटलीच्या उत्तम कलावंतांनी आपल्या देशाला असेच प्रश्न विचारलेले आहेत. दान्तेने विद्वानांची लॅटिन बाजूला ठेवून लोकभाषेत महाकाव्य रचले. आपल्याकडे १२९० साली ज्ञानदेवांनी गीतार्थ मराठीत आणला, तेव्हा दान्ते पंचविशीत होता. आपल्या काव्यातील नरकात एका पोपला ठेवण्यासही तो कचरला नाही, आणि तरीही ख्रिस्तसभेने त्याला आपला कवी मानले. व्हित्तोरिओ दे सिका यांचा १९४८ सालचा ‘बायसिकल थीव्ह्ज’ १९५२ साली मुंबईतील पहिल्या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवात दाखविला गेला आणि आपल्या चित्रपटसृष्टीने त्यातून धडा घेतला. बेकार माणसाची लाचारी त्यात होती, संगमरवरी रोम नव्हते. त्याच १९५२ साली ‘उंबेर्तो डी.’ या त्यांच्या दुसऱ्या चित्रपटामुळे देशाची प्रतिमा मलिन होते, अशी जाहीर तक्रार इटलीच्या सरकारातील आन्द्रेओत्ती यांनी केली. आज इटलीची थोरवी सांगताना हाच चित्रपट पुढे केला जातो. सरकारला जे झाकावेसे वाटते, तेच पुष्कळदा संस्कृतीचे सर्वांत मोलाचे धन ठरते.

आम्हा मराठी कॅथलिकांसाठी यात एक खास बोध आहे. रोम आमच्या श्रद्धेचे केंद्र असल्याने इटलीकडून आलेले सर्व काही पवित्र मानण्याचा मोह होतो. उच्च शिक्षणासाठी रोमला जाणाऱ्या पुरोहितांना प्रथम इटालियन शिकावी लागते. त्यांनी त्या भाषेचे धन थेट मराठीत आणावे, इंग्रजीच्या ओंजळीने पाणी पिण्याची आपली सवय मोडावी, ही अपेक्षा अवाजवी नाही. पण श्रद्धा एक आणि संस्कृती एक, हा विवेक सुटता कामा नये. हाच न्याय आपण स्वतःसही लावला पाहिजे. परदेशी विद्यापीठात महाराष्ट्राचा दिवस साजरा होतो, तेव्हा लेझीम आणि वारली चित्रे दाखविताना त्या चित्रांमागील आदिवासींचे जिणे आपण सांगतो काय? कोणी विचारले तर राग न मानता उत्तर देतो काय?

विद्यापीठात परक्या संस्कृतीचा उत्सव जरूर व्हावा. त्याआधी वर्षभर त्या भाषेचा वर्ग चालावा, एखादी कथा विद्यार्थ्यांनी मुळातून मराठीत उतरवावी, आणि व्याख्यानानंतर प्रश्नांसाठी पुरेसा वेळ राखावा. देणगी घ्यावी, परंतु देणाऱ्याविषयी खरे बोलण्याचा हक्क तिच्या मोबदल्यात देऊ नये. रवींद्रनाथांनी ते पत्र लिहिले तेव्हा मुसोलिनीने दिलेले ग्रंथ विश्वभारतीकडे होतेच. दान स्वीकारूनही जीभ मोकळी ठेवता येते, हे त्यांनी दाखवून दिले. पाहुण्याचा खरा सन्मान आपण त्याच्याशी त्याच्या भाषेत, निर्भयपणे आणि प्रेमाने बोलू शकतो तेव्हाच होतो.