भिंतीची ऊब

काल दिवेलागणीला गच्चीच्या भिंतीला पाठ टेकून बसलो. ऊन केव्हाच उतरलं होतं. भिंत मात्र अजून कोमट होती. उन्हाळ्यात या उबेवर आपल्याकडे कुणी खूश नसतं. आपण पाणी शिंपडतो आणि गारव्याची वाट पाहत बसतो.

मला मोंत्रय आठवलं. पॅरिसला पूर्वेकडून अगदी चिकटलेलं गाव. आता ते उपनगर झालंय. मेट्रोची नऊ नंबरची गाडी तिथे जाऊन थांबते. एके काळी या गावानं अशाच उबेवर बागा पिकवल्या.

पीच हे उन्हाचं झाड. पॅरिसची हवा त्याला मानवत नाही. वसंतात मोहर येतो आणि एखाद्या रात्रीची कडाक्याची थंडी त्याला करपवते. म्हणून सतराव्या शतकापासून इथल्या माळ्यांनी बागांतून भिंती उभारल्या. दगड-मातीच्या. वरून गिलावा, गावातल्याच खाणींतल्या जिप्समचा. बहुतेक भिंती उत्तर-दक्षिण. सकाळचं ऊन एका अंगाला, दुपारचं दुसऱ्या. झाड भिंतीलगत पंख्यासारखं पसरायचं. फांद्या जुन्या कापडाच्या चिंध्यांनी आणि खिळ्यांनी भिंतीला धरून ठेवायच्या. चिंधी मऊ असते, कोवळ्या सालीला काचत नाही.

दिवसा भिंत ऊन पीत राही. रात्री तेच झाडाला थोडंथोडं परत देई.

भिंत म्हटली की आड येणारं काहीतरी आठवतं. इथे वाऱ्याच्या आड येणं आणि झाडाला जवळ घेणं, ही एकच गोष्ट होती.

इथली फळं व्हर्सायच्या राजदरबारात पोचली. एकोणिसाव्या शतकात भिंतींची लांबी सुमारे ६०० किलोमीटर झाली. मग रेल्वे आली. ज्या दक्षिणेत ऊन फुकट मिळतं, तिथले पीच पॅरिसच्या बाजारात लवकर आणि स्वस्तात येऊ लागले. साठवलेलं ऊन महाग पडू लागलं.

बागांच्या जागी घरं आली, कारखाने आले. २००३ साली सुमारे ८.५ हेक्टरांचा तुकडा सरकारनं संरक्षित केला. तिथे काही मंडळी अजून फांद्यांना चिंध्या बांधतात. पुष्कळ भिंती मात्र ढासळल्यात. जिथे उभ्या आहेत, तिथेही कित्येकींसमोर झाड नाही.

त्या भिंतीही संध्याकाळी कोमट होत असतील. ऊन घेताना भिंत समोर कोण आहे ते पाहत नाही. देतानाही नाही.

आज पहाटे उठून गच्चीच्या भिंतीला हात लावून पाहिला. गार होती. रात्रभरात सगळं देऊन झालं होतं.

पूर्वेला नुकतं उजाडत होतं.