कायक आणि कोयता

लातूर जिल्ह्यातील शिरूर अनंतपाळ हे तालुक्याचे गाव आज महाराष्ट्रात, आणि बाराव्या शतकात महात्मा बसवेश्वरांचा अनुभवमंटप जेथे भरला ते कल्याण कर्नाटकात, अशी राज्यपुनर्रचनेने वाटणी केली असली, तरी श्रम हीच ईश्वरोपासना मानणारा कायकाचा सिद्धान्त या मुलखातील लिंगायत घरांतून अद्याप श्रद्धेने सांगितला जातो. तो खरा मानला, तर कामाच्या जागी कामकऱ्यावर उगारलेला हात हा नुसता फौजदारी गुन्हा समजावा की पूजेचा विध्वंस? मी त्याला पूजेचा विध्वंसच म्हणेन.

दसरा-दिवाळीच्या सुमारास मराठवाड्यातील असंख्य जोडपी मुकादमाकडून उचल घेऊन ऊसतोडीला निघतात. नवराबायको मिळून हिशेबात एक कोयता धरला जातो, दुखण्याने एक दिवस मोडला तरी खाडा कापला जातो, आणि तोडीचे टन, खाडे व उचल यांची वजाबाकी ज्या वहीत होते ती वही मुकादमाच्या हाती असते. हंगाम सरत आला तरी उचल फिटत नाही. अंगावर बाकी राहिली की तिच्या वसुलीसाठी शिवीगाळ, मारहाण, प्रसंगी माणसे डांबून ठेवणेही घडते. मुकादमही कारखान्याच्या पैशाने बांधलेला असल्यामुळे एकट्या त्याच्या क्रोधाला बोल लावून भागत नाही. आणि तरीही सबुरीचा उपदेश होतो तो कोयतेकऱ्यालाच! वास्तविक संयम हा ज्याच्या हाती सत्ता त्याचा धर्म. निरुपायाने सोसलेल्या माराला अहिंसा म्हणणे हा अहिंसेचाच अवमान होय.

बसवेश्वरांच्या अनुयायांच्या, म्हणजे शरणांच्या, परंपरेत आयदक्की मारय्या आणि लक्कम्मा या दाम्पत्याची कथा आहे. सांडलेले तांदूळ वेचून आणावे आणि त्यांतूनच दासोह, म्हणजे अन्नदान, चालवावा, हे त्यांचे कायक. एके दिवशी मारय्याने नेहमीपेक्षा अधिक तांदूळ आणले, तेव्हा त्या गरीब स्त्रीने, दारिद्र्याची सबब न सांगता, जास्तीचे जेथले तेथे टाकून यायला त्याला बजावले. कोणताही हात उगारला गेलेला नसताना तिला अधर्म दिसला तो त्या वाढीव मुठीत. आणि कोयतेकऱ्याच्या हिशेबातही हिंसेचे मूळ शोधण्याची खरी जागा तीच, असे मला वाटते.

कायदे आहेत. १९७६ च्या कायद्याने वेठबिगारी रद्द झाली. २०१३ च्या कायद्यान्वये असंघटित कामकरी स्त्रीला लैंगिक छळाची तक्रार जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे करता येते. परंतु तक्रारीची मुदत सामान्यतः तीन महिन्यांची, हंगाम पाच-सहा महिन्यांचा, आणि परमुलखात फडाशेजारच्या कोपीत राहणाऱ्या बाईने मुकादमाच्या नजरेखालून कोणती कचेरी गाठावी? बंदोबस्त व्हायला हवा तो गाडी भरण्यापूर्वी, गावातच: उचल, तोडीचा दर आणि खाड्याची कपात लिहिलेला कागद तहसील कचेरीत दाखल व्हावा, त्याची नक्कल नवऱ्याप्रमाणे बायकोच्याही हाती पडावी, आणि हंगामात फडावर जाऊन तो हिशेब तिला वाचून दाखविण्याचे काम मुकादमाचा वा कारखान्याचा मिंधा नसलेल्या माणसाकडे सोपवावे.